खिशातला म्युझिक प्लेअर वर्षानुवर्षे कसा वापरावा

फोनवर सगळे ऐकता येत असतानाही वेगळा छोटा प्लेअर बाळगणाऱ्यांची कारणे साधारण सारखीच असतात. गाणे ऐकताना मध्येच फोन येऊ नये, कार्यालयात पोहोचेपर्यंत फोनची बॅटरी शिल्लक राहावी आणि आपण जमवलेला संग्रह कोणत्याही मासिक वर्गणीविना आपल्याजवळ असावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. तरीही असे बरेच प्लेअर सहा-आठ महिन्यांत कपाटात जातात आणि दोन वर्षांनी बाहेर काढले की चालूच होत नाहीत. यामागे यंत्राचा दोष क्वचितच असतो. गाण्यांचा संग्रह नीट लावलेला नसल्यामुळे ऐकण्याचा कंटाळा येतो आणि न वापरलेली बॅटरी तशीच पडून खराब होते, ही दोन कारणे बहुतेक वेळा पुरेशी ठरतात. ठाणे आणि नवी मुंबईत त्यांच्या जोडीला चार महिन्यांची दमट हवा आणि लोकलचा रोजचा प्रवास येतो. म्हणून हा लेख खरेदीपासून शेवटच्या विल्हेवाटीपर्यंत, ज्या क्रमाने हे प्रश्न समोर येतात त्याच क्रमाने लिहिला आहे.

खरेदी करताना

नवा प्लेअर घेताना आवाजाच्या दर्जाविषयीच्या जाहिराती जरा बाजूला ठेवाव्यात, कारण आजच्या मध्यम किमतीच्या प्लेअरमध्येही ध्वनीचा दर्जा लोकलच्या खडखडाटात जाणवेल त्यापेक्षा चांगलाच असतो. त्याऐवजी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे खरी, दाबता येणारी बटणे. गर्दीच्या डब्यात एक हात वरच्या कडीला असताना खिशातल्या खिशात, न पाहता, गाणे पुढे नेता आले पाहिजे. टचस्क्रीनवर ते जमत नाही. त्याच वेळी ही बटणे चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून कळफलक बंद करणारा होल्डचा खटका असावा. दुसरी म्हणजे मायक्रोएसडी कार्डाची खाच. तिसरी म्हणजे संगणकाला जोडल्यावर प्लेअर साध्या पेनड्राइव्हसारखा दिसावा आणि गाणी ओढून टाकता यावीत, कारण गाणी भरण्यासाठी ज्याला खास सॉफ्टवेअर लागते तो प्लेअर त्या सॉफ्टवेअरचे आयुष्य संपले की अडचणीत येतो. चौथी म्हणजे साडेतीन मिलीमीटरचा हेडफोन जॅक.

जुना प्लेअर घेण्यातही काही गैर नाही. अ‍ॅपलने आयपॉडची मालिका २००१ मध्ये सुरू केली आणि २०२२ मध्ये बंद केली, त्यामुळे आज बाजारात फिरणारा प्रत्येक आयपॉड जुन्या साठ्यातला किंवा वापरलेलाच असतो. सॅनडिस्कच्या क्लिप मालिकेतले जुने प्लेअरही अजून हातोहात फिरतात. वापरलेला प्लेअर घेताना तो सपाट काचेवर ठेवून पाहावा. तो डुगडुगत असेल किंवा मागचे झाकण मध्यभागी फुगीर वाटत असेल, तर आत बॅटरी फुगली आहे असे समजून सौदा तिथेच थांबवावा. त्यानंतर हेडफोन लावून पिन हळूच गोल फिरवावी. एका कानातला आवाज ये-जा करत असेल तर जॅक झिजला आहे. हार्डडिस्क असलेल्या जुन्या आयपॉडमध्ये गाणे सुरू होताना आतून टकटक आवाज येत असेल, तर डिस्क अखेरच्या टप्प्यात आहे. तिच्या जागी मेमरी कार्ड बसवणारे अ‍ॅडाप्टर मिळतात आणि हौशी लोक ते बसवतात, पण हा खर्च धरूनच किंमत ठरवावी.

कार्ड आधी तपासावे

कार्ड विकत घेतल्यावर लगेच गाणी भरण्याची घाई करू नये. बाजारात अशी कार्डे मिळतात, जी संगणकाला १२८ जीबी दाखवतात पण प्रत्यक्षात त्याच्या एक-अष्टमांशही माहिती साठवत नाहीत. सुरुवातीची काही गाणी नीट वाजतात आणि नंतरची फक्त नावाला उरतात. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्स किंवा मॅकवर ‘एफ३’ या मोफत साधनांनी संपूर्ण कार्ड लिहून आणि परत वाचून तपासता येते. मोठ्या कार्डाला यासाठी काही तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवावे.

दुसरा मुद्दा फाइल सिस्टिमचा, म्हणजे कार्डावर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीचा आहे. ३२ जीबीपर्यंतची कार्डे बहुधा फॅट३२ स्वरूपात येतात आणि ६४ जीबीपासूनची एक्सफॅटमध्ये. जुन्या प्लेअरना एक्सफॅट वाचता येत नाही, त्यामुळे ‘हा प्लेअर फक्त ३२ जीबी घेतो’ असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. यातल्या बऱ्याच प्लेअरना ६४ जीबीचे कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून दिले की ते निमूटपणे चालते. सॅनडिस्क क्लिप प्लस हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

संग्रह लावणे

या सगळ्या खटाटोपातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम हे आहे. मूळ संग्रह प्लेअरवर कधीही ठेवू नये. तो संगणकावर एका फोल्डरमध्ये असावा, त्याची दुसरी प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर असावी, आणि प्लेअरमधले कार्ड ही केवळ प्रवासासाठी काढलेली तिसरी प्रत मानावी. एवढे पथ्य पाळले की प्लेअर हरवला, भिजला किंवा गर्दीत खिशातून गेला, तरी नुकसान फक्त यंत्राच्या किमतीपुरते राहते. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी या संग्रहात धरता येत नाहीत. त्या फाइली कुलूपबंद असतात आणि त्या अ‍ॅपबाहेर वाजत नाहीत. घरच्या सीडी, विकत घेतलेल्या फाइली आणि स्वतः उतरवून घेतलेल्या कॅसेट हाच खरा कच्चा माल होय.

कोणत्या स्वरूपात साठवावे, यावर वाद घालण्यात लोक बरीच शक्ती खर्च करतात. हिशोब सोपा आहे. सीडीवरचा ध्वनी सेकंदाला १४११ किलोबिट, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेतो. फ्लॅक या स्वरूपात काहीही न गमावता तो बहुधा निम्म्याच्या आसपास येतो. ३२० किलोबिटच्या एमपी३ ला मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात आणि १२८ किलोबिटच्या एमपी३ ला जेमतेम १ एमबी. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर पाच-पाच मिनिटांची ३२० किलोबिटची अडीच हजारांहून अधिक गाणी मावतात. माझा सल्ला असा की संगणकावरची मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी आणि प्लेअरसाठी तिच्यापासून एमपी३ तयार करावी. जुन्या एमपी३ पासून फ्लॅक बनवण्यात मात्र काहीही अर्थ नाही, कारण एकदा गाळलेला ध्वनी परत येत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदे एकवाहिनी असतात आणि त्यांत वरच्या पट्टीतला तपशील मुळातच कमी असतो, त्यामुळे त्यांना १२८ किलोबिटची मोनो फाइल पुरून उरते.

यानंतर नावे. फाइलीच्या नावाची सुरुवात दोन आकडी क्रमांकाने करावी आणि तो इंग्रजी आकड्यांत लिहावा. एक, दोन असे साधे क्रमांक दिले तर बरेच प्लेअर एकनंतर थेट दहावे गाणे वाजवतात. फाइलीच्या पोटात दडलेली माहिती, म्हणजे टॅग, यांना त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो, कारण प्लेअरवरच्या याद्या त्यांच्यावरूनच तयार होतात. विंडोजवर ‘एमपी३टॅग’ आणि कोणत्याही संगणकावर ‘म्युझिकब्रेन्झ पिकार्ड’ ही साधने त्यासाठी पुरेशी आहेत.

मराठी श्रोत्यापुढे इथे एक खास अडचण येते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवली जाते पण दिसते आधी, आणि जोडाक्षरांसाठी अक्षरांचे आकार बदलावे लागतात. हे काम करणारी यंत्रणा छोट्या प्लेअरमध्ये बहुधा नसते. त्यामुळे ‘भक्तिगीत’ लिहिले तर पडद्यावर ‘क’ला हलन्त लागतो, ‘ति’ची वेलांटी पुढच्या ‘गी’वर जाऊन बसते आणि काही प्लेअर तर नुसते चौकोन दाखवतात. शेकडो गाण्यांचे टॅग भरण्याआधी जोडाक्षर, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी या तिन्ही गोष्टी असलेले एक नाव एका फाइलीला देऊन ते प्लेअरवर कसे दिसते ते पाहावे. नीट दिसत नसेल तर मूळ प्रतीत देवनागरी ठेवावी आणि प्लेअरच्या प्रतीत रोमन लिपी वापरावी. रोमन वापरताना प्रत्येक गायकाच्या नावाचे एकच स्पेलिंग ठरवून कागदावर लिहून ठेवावे. कुमार गंधर्वांच्या नावात एकदा ‘व्ही’ आणि एकदा ‘डब्ल्यू’ वापरला, तर प्लेअरच्या दृष्टीने ते दोन वेगळे गायक होतात.

टॅगचे रकाने मुळात पाश्चात्त्य अल्बमसाठी आखलेले आहेत, म्हणून ते आपल्या संगीताला जुळवून घ्यावे लागतात. भावगीत ऐकणारा माणूस गायकाइतकाच कवी आणि संगीतकार शोधत असतो. त्यासाठी ‘कंपोझर’ या रकान्यात संगीतकाराचे आणि कवीचे नाव स्वल्पविरामाने लिहावे. ख्यालाच्या बाबतीत शीर्षकात आधी राग, मग ताल आणि शेवटी बंदिशीचे पहिले शब्द, असा क्रम ठेवला की यादी आपोआप रागांनुसार लागते. ‘जॉनर’च्या रकान्यात अभंग, नाट्यसंगीत, लावणी अशी आपली नावे खुशाल लिहावीत. काही जण तिथे रागाचा प्रहर लिहितात. सकाळी आठच्या गाडीत यमन लावणाऱ्याला कोणी हटकत नाही, पण ज्यांना वेळ पाळायची आहे त्यांच्यासाठी ही सोय चांगली आहे.

मुखपृष्ठाचे चित्र जोडायचे असेल तर ५०० बाय ५०० पिक्सेलच्या आत आणि साध्या जेपेग स्वरूपात ठेवावे. ‘प्रोग्रेसिव्ह’ जेपेग अनेक प्लेअरना उघडता येत नाही, आणि तीन-चार एमबीच्या चित्रामुळे प्रत्येक गाणे सुरू होताना प्लेअर रेंगाळतो.

आवाजाची पातळी हा यापुढचा टप्पा आहे. जुन्या तबकडीवरचे पद हळू असते, म्हणून आपण आवाज वाढवतो आणि त्यापुढचे आजचे चित्रपटगीत कानठळ्या बसवते. प्लेअर ‘रीप्लेगेन’ वाचत असेल तर संगणकावर सर्व फाइलींची पातळी मोजून तो आकडा टॅगमध्ये लिहून घ्यावा. ध्वनीला धक्का लागत नाही. प्लेअर ते वाचत नसेल तर ‘एमपी३गेन’ हे साधन फाइलीची पातळी दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलते आणि हा बदल हवा तेव्हा मागे घेता येतो. विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या फाइलींत असतील, तर दोहोंची पातळी एकत्र मोजावी, नाहीतर विलंबित ख्याल द्रुताइतकाच मोठा होतो आणि मैफलीचा चढ नाहीसा होतो.

घरच्या कॅसेट उतरवून घेणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून इथे मोजकेच सांगतो. कॅसेटच्या फितीवर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे आणि आपल्या हवेत ती हमखास धरते. अशी कॅसेट वाजवली की बुरशी डेकच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. स्वच्छ कॅसेट आधी उतरवून घ्याव्यात आणि दर दोन-तीन कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये तार जोडावी, माइकच्या खाचेत नाही. ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या खाली राहील अशी पातळी ठेवून पूर्ण बाजू सलग उतरवावी, तशीच फ्लॅकमध्ये जपावी आणि गाणी कापण्याचे काम तिच्या प्रतीवर करावे. सी-६० ची एक बाजू उतरायला अर्धा तासच लागतो. घाई करण्याचा कोणताही मार्ग नाही.

शेवटी कॉपी करण्याची पद्धत. स्वस्त प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने न वाजवता ज्या क्रमाने कार्डावर लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतात, म्हणून एका वेळी एकच फोल्डर टाकावा. मॅकवरून कॉपी केल्यास प्रत्येक गाण्यासोबत ठिपका आणि अधोरेषेने सुरू होणारी एक लपलेली फाइल जाते आणि काही प्लेअर तिला गाणे समजून अडखळतात. अशा फाइली कॉपीनंतर काढून टाकाव्यात. काम झाल्यावर ‘इजेक्ट’ केल्याशिवाय तार उपसू नये. फॅट३२ मध्ये अर्धवट राहिलेले लेखन सावरण्याची सोय नसते, आणि एका घाईपायी संपूर्ण यादी विस्कटू शकते.

जुन्या प्लेअरचे मूळ सॉफ्टवेअर तोकडे वाटत असेल तर ‘रॉकबॉक्स’चा विचार करावा. हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प २००१ च्या अखेरीस आर्कोसच्या प्लेअरसाठी सुरू झाला आणि आता सॅनडिस्क क्लिप प्लस, क्लिप झिप आणि बऱ्याच आयपॉडवर चालतो. रीप्लेगेन, दोन फाइलींमध्ये खंड न पडता वादन आणि बारकाईचे इक्वलायझर त्यामुळे मिळतात. आपले मॉडेल यादीत आहे याची खात्री करून, बॅटरी पूर्ण भरून आणि तार हलणार नाही अशा जागी बसूनच ते टाकावे.

रोजच्या प्रवासात

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने वाशीला किंवा नेरुळ, पनवेलकडे जाणाऱ्याला अर्धा तास ते तासाभराचा सलग वेळ मिळतो. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे या स्थानकांवर डबा भरतो आणि रिकामा होतो, आणि गोंगाटही त्याच्याबरोबर कमी-अधिक होतो. अशा वेळी आवाज वाढवत नेण्याऐवजी कानात नीट बसणारी सिलिकॉनची टोके वापरावीत. इयरफोनसोबत आलेल्या तीन मापांपैकी मधलेच माप सगळ्यांना बसते असे नाही, आणि डाव्या-उजव्या कानाला वेगळे मापही लागू शकते. टोक नीट बसले की बाहेरचा आवाज इतका घटतो की प्लेअरची पातळी आपोआप खाली आणता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते, पण ९० डेसिबलवर ही मर्यादा केवळ ४ तासांवर येते. रोज जाऊन-येऊन दोन तास ऐकणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा. घरी शांततेत आरामात ऐकू येणारी पातळी कोणत्या आकड्यावर आहे ते पाहून, गाडीत त्याच्या फार वर जायचे नाही असे ठरवून टाकणे सर्वांत व्यवहार्य ठरते.

फलाटावर मात्र किमान एक कान मोकळा हवा. ठाण्याच्या ९ आणि १० क्रमांकाच्या फलाटांवर संध्याकाळी गाडी शिरताना जी धावपळ होते, तिच्यात उद्घोषणा आणि मागून येणारा ‘चला, चला’ हे दोन्ही ऐकू येणे गरजेचे आहे. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहेच, आणि कानात इयरफोन घालून ते करणाऱ्याविषयी इथे काही सांगण्यासारखे नाही.

ब्लूटूथ आणि तार यांपैकी मी तारेच्या बाजूने आहे. छोट्या प्लेअरचा अँटेना दुबळा असतो आणि ब्लूटूथच्या लहरी माणसांच्या शरीरात शोषल्या जातात, त्यामुळे खचाखच भरलेल्या डब्यात आवाज तुटतो. शिवाय ब्लूटूथमुळे प्लेअरची बॅटरी लवकर उतरते आणि इयरफोनची आणखी एक बॅटरी सांभाळावी लागते. तार वापरताना ती प्लेअरभोवती गुंडाळण्याची सवय मोडावी. पिनेजवळ तार तुटते ती याच ताणामुळे. काटकोनात वळलेली पिन खिशात अधिक टिकते. एफएम ऐकायचे असेल तर इयरफोनची तार हाच अँटेना असतो, म्हणून ती मोकळी सोडावी.

एप्रिल-मे महिन्यांत प्लेअर शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नये. घामातले क्षार जॅकच्या पत्र्यांवर बसतात आणि काही महिन्यांनी खरखर सुरू होते. पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका हात लावून ती बंद प्लेअरमध्ये दहा-बारा वेळा आत-बाहेर केली की बहुधा ही खरखर जाते.

चार्जिंग

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी मारक असतात: उष्णता, आणि पूर्ण रिकाम्या किंवा पूर्ण भरलेल्या अवस्थेत दीर्घकाळ पडून राहणे. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टवर असते आणि त्या ताणाखाली उन्हात ठेवली तर तिची क्षमता झपाट्याने घटते. रोज वापरणाऱ्याने २० ते ८० टक्क्यांदरम्यान खेळते ठेवावे. महिनाभर वापर होणार नसेल तर निम्मे चार्ज करून ठेवावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाहावे. अनेक प्लेअर बंद केल्यावर खरे बंद होत नाहीत, गाढ झोपतात आणि थेंबाथेंबाने बॅटरी पितात. सेटिंगमध्ये ‘ऑटो पॉवर ऑफ’ असेल तर ते चालू करावे.

फोनचा ६५ वॉटचा चार्जर लावला तर प्लेअर जळेल ही भीती मात्र निराधार आहे. यूएसबी-सी चार्जर समोरच्या उपकरणाने मागणी केल्याखेरीज पाच व्होल्टच देतो आणि उपकरण आपल्याला हवा तेवढाच प्रवाह ओढते. उलट अडचण वेगळीच असते. काही स्वस्त प्लेअरमध्ये यूएसबी-सीच्या खाचेत ओळख पटवणारे दोन छोटे रेझिस्टर घातलेलेच नसतात, त्यामुळे दोन्ही टोकांना सी असलेल्या तारेने ते चार्ज होत नाहीत. ‘प्लेअर बिघडला’ असे ठरवण्याआधी एका टोकाला जुने चौकोनी यूएसबी असलेली तार लावून पाहावी.

खूप दिवस पडून राहिलेला प्लेअर चालू होत नसेल तर तो संगणकाच्या यूएसबी खाचेला जोडून तीन-चार तास ठेवावा. अगदी खाली गेलेली बॅटरी आधी अतिशय हळू भरली जाते आणि तोवर पडद्यावर काहीच दिसत नाही. त्यानंतरही जीव आला नाही तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली आहे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर प्लेअर रबराची कडा असलेल्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. रंग बदलणारे जेल घ्यावे. निळ्याचे गुलाबी झाले की त्याने पाणी शोषले आहे, आणि ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर काही वेळ तापवले की ते पुन्हा कामाला येते. प्रवासात झिप असलेली प्लास्टिकची पिशवी पुरते.

प्लेअर भिजलाच तर तो ताबडतोब बंद करावा, कार्ड काढावे आणि चालतो का हे पाहण्यासाठी बटण दाबू नये. चार्जरला लावणे तर कटाक्षाने टाळावे, कारण पाणी आणि विद्युतप्रवाह एकत्र आले की आतल्या सर्किटच्या पट्टीवरचे तांबे काही तासांत गंजते. तांदळाच्या डब्यात पुरण्याने साध्य काहीच होत नाही. उलट खाचांत पीठ जाते. पंख्याच्या वाऱ्यात दोन दिवस आणि मग सिलिका जेलसोबत आणखी दोन दिवस ठेवावे. ठाण्यातल्या तलावपाळीच्या रस्त्यावर साचलेल्या पाण्यात पडला असेल तर ते पाणी स्वच्छ नव्हे, म्हणून दुरुस्तीवाल्याकडून आतली पट्टी अल्कोहोलने धुऊन घेणेच योग्य.

बॅटरी बदलणे

तीन-चार वर्षांनी वाजण्याचा काळ निम्म्यावर येतो, किंवा ३० टक्के दिसत असताना प्लेअर अचानक मिटतो. पडदा एका बाजूने उचललेला दिसला किंवा झाकणाच्या फटीत अंतर पडले, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा चार्जिंग त्याच क्षणी थांबवावे. जुनी बॅटरी म्हणजे केवळ गैरसोय नव्हे, हे अ‍ॅपलच्या अनुभवावरूनही दिसते: सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ या काळात विकलेले पहिल्या पिढीचे आयपॉड नॅनो, बॅटरी तापण्याच्या शक्यतेमुळे, कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्ये बदलून देण्याची योजना जाहीर केली होती.

बॅटरीवर बहुधा सहा आकड्यांचा एक क्रमांक छापलेला असतो आणि तो तिचे मापच सांगतो. ३०३०४० म्हणजे ३.० मिलीमीटर जाड, ३० मिलीमीटर रुंद आणि ४० मिलीमीटर लांब. नवी बॅटरी जाडीला एवढीच किंवा किंचित कमी असावी. जास्त कधीही नसावी. तारा दोन आहेत की तीन तेही मोजावे. तिसरी तार तापमान कळवणारी असते आणि ती नसलेली बॅटरी लावली तर काही प्लेअर चार्ज होण्यास नकार देतात. वरच्या कडेला पिवळ्या चिकटपट्टीखाली छोटी संरक्षक पट्टी असलेलीच बॅटरी घ्यावी.

उघडण्यापूर्वी बॅटरी जवळजवळ उतरू द्यावी. चिकटवलेले झाकण केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करून प्लास्टिकच्या पातळ कार्डाने सोडवावे; धातूचे पाते आत घालू नये, कारण बॅटरीचे पाकीट कागदाइतके नाजूक असते. झाकण एकदम उघडू नये, त्याला बटणांची चपटी तार जोडलेली असू शकते. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढावे, विशेषतः लाल आणि काळी तार कुठे जोडली आहे त्याचे. तारा कापताना एका वेळी एकच कापावी आणि तिचे टोक लगेच टेपने झाकावे. दोन्ही तारा एकाच कात्रीत आल्या की शॉर्ट होतो. नव्या बॅटरीचा व्होल्टेज मल्टिमीटरवर ३.७ ते ३.९ च्या आसपास दिसला पाहिजे. डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, तो तारेला द्यावा, बॅटरीच्या पत्र्याला नाही. झाकण पक्के चिकटवण्याआधी पहिले चार्जिंग लादीवर, आपण समोर असताना पूर्ण होऊ द्यावे.

हे स्वतः करण्याची तयारी नसेल तर त्यात कमीपणा नाही. ठाणे आणि वाशी स्थानकांबाहेरच्या मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यांत हे काम करणारे लोक सापडतात. फक्त बॅटरी आपण मापाने शोधून आणून द्यावी, आणि प्लेअर उघडण्याआधी ‘तार सोल्डर करून द्याल ना?’ हे विचारून घ्यावे. फोनच्या बॅटऱ्या खटक्याने निघतात, त्यामुळे प्रत्येक जण डाग देण्याचे काम घेतोच असे नाही. फुगलेली बॅटरी दाखवल्यावर ती टोकदार हत्याराने उचकटायला निघालेल्या माणसाकडे प्लेअर ठेवू नये.

काढलेली बॅटरी आणि मोडलेला प्लेअर

काढलेल्या बॅटरीच्या दोन्ही तारा वेगवेगळ्या टेपने गुंडाळाव्यात. ती घंटागाडीत, ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नये. कचरा दाबणाऱ्या गाडीत चिरडलेली लिथियम बॅटरी पेट घेते. फुगलेली बॅटरी देईपर्यंत वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेरच्या सज्जात ठेवावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम यांनुसार परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावरचे संकलन केंद्र किंवा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया करणारा शोधून तिथेच द्यावी. मोठ्या गृहसंकुलांत ई-कचऱ्याची शिबिरे भरतात, तिथे बॅटऱ्या घेतात का हे आधी विचारावे, कारण सगळीकडे घेत नाहीत.

चालू प्लेअर कोणाला देणार असाल तर कार्ड काढून घ्यावे आणि अंतर्गत मेमरी फॉरमॅट करावी. जुन्या प्लेअरमध्ये आवाज रेकॉर्ड करण्याची सोय असल्यास त्या फोल्डरमध्ये घरातली बोलणी राहिलेली असू शकतात. मोडलेला प्लेअर देण्याआधी त्यातली बटणे, खिशाला लावायची क्लिप आणि हेडफोन जॅक शाबूत असतील तर ते काढून ठेवावेत. बंद झालेल्या मॉडेलचे सुटे भाग यापुढे अशा मोडलेल्या प्लेअरमधूनच मिळणार आहेत.